सव्वा महिना

“इतके शिकलीस, आणि बाळंतिणींशी नुसत्या गप्पा मारतेस?” मंचरचे आमचे मामा दर दिवाळीला चकली मोडता मोडता विचारतात. मामांना उत्तरापेक्षा चकली महत्त्वाची, म्हणून मी गप्प बसते. वाचकहो, तुम्हांला मात्र सांगते.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे बाळंतपणाचा थाट मोठा. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेक, धुरी, पाचवीला सटवाई. देहाची एवढी बडदास्त. मनाची विचारपूस कोण करतो? लेण्याद्रीला गिरिजेने पुत्रासाठी तप केले, ही कथा शंभरदा ऐकली. पुत्र झाल्यावर तिला झोप लागत होती का, हे काही कोणा पुराणिकाने सांगितले नाही!

माझी धाकटी मावशी घोडेगावी माहेरी बाळंत झाली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून निजू लागली. बाळ रडले तरी वळेना. कोणी दृष्ट काढली, कोणी अंगारा लावला. मावशी सावरली, पण त्याला वर्ष लागले. त्या वर्षाला वैद्यकात नाव आहे, हे पुण्यास मानसशास्त्र शिकायला गेल्यावर मला कळले. मला खरे तर शाळेत समुपदेशक व्हायचे होते. ते राहूनच गेले.

१९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी एडिंबरोच्या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. प्रश्न गेल्या सात दिवसांविषयीचे. पहिला हसण्याचा, दहावा जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचाराचा. ही काही विलायती नाजूकपणाची दुखणी नव्हेत. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००२ साली छापलेल्या पाहणीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगाच हवा ही ओढ यांचा त्यात मोठा हात होता.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका घरी गेले होते. सून विशीतली, दुसरी मुलगी झालेली. “हसू येतं का गं?” मी विचारले.

“तिला काय धाड भरलीय?” सासूबाईच बोलल्या.

मी त्यांना चहा टाकायला पाठवले. चूल पेटेपर्यंत दहावा प्रश्न विचारून झाला. सून हळूच म्हणाली, “ताई, विहिरीवर गेलं की तिथंच बसावंसं वाटतं.”

मग घाई करावी लागली. तिला क्षणभरही एकटी सोडायची नाही, विहिरीवर पाठवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायची. औषध सुरू झाले. अंगावर पाजत असतानाही चालेल असे औषध असते, हे नवऱ्याला तीनदा समजावले. झोप हाही औषधाचाच भाग. म्हणून पाजून झाले की रात्री बाळ सासूबाईंच्या कुशीत. दर आठवड्याला मी जाई. दोन महिन्यांनी सून थोरलीच्या बोबड्या बोलांना हसली.

त्या दिवशी निघताना सासूबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. “बाई, तुमचा त्यो कागद जुन्या बाळंतपणाला चालतो का? चाळीस वर्सं झाली.”

कागद सात दिवसांचा. मी तो पिशवीत घातला आणि पुन्हा घोंगडीवर बसले.