तिसरा दिवस

शेवेची पुडी मी चौपाटीवरून तशीच परत आणली आणि ती फडताळात ठेवताना आजीच्या तोंडची म्हण मनात उभी राहिली : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कई.

कार्तिक सरता सरता लडाख-तिबेटच्या सरोवरांकडचे तपकिरी डोक्याचे कुरव प्रवास आटोपून गिरगावच्या पाण्यावर मुक्कामास येतात. उन्हाळ्यातली तपकिरी टोपी तोवर उतरलेली असते आणि शाईचे बोट टेकवावे तसा डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. माणसे शेव उधळतात, पक्षी ती वरच्यावर झेलतात. मासळीवर पोसलेल्या जिवापुढे तेलामिठाचा हा जिन्नस टाकणे, हे आतिथ्य म्हणावे की उपद्रव?

पण मन अडले ते ‘पई’पाशी. ही पै म्हणजे १९५७ च्या दशमान पद्धतीपूर्वीच्या हिशेबातली, रुपयाला १९२ पडणारी, असेच मी आजवर धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्याची किंमत तेवढीच उरते, असा सरळ अर्थ. परंतु ‘पैपाहुणा’ या शब्दात तीच पै पाहुण्याच्या पुढे मानाने चालते. तिथे तिचा भाव उतरलेला नाही.

आजोबा रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि ठाकुरद्वारच्या चाळीत, मावशीच्या एका खोलीत, नोकरी लागेपर्यंत म्हणून राहिले; त्याच खोलीत त्यांचे लग्नाचे बिऱ्हाड थाटले आणि त्याच चाळीत त्यांनी डोळे मिटले. ताटे वाढली की मावशी आमटीत तांब्याभर पाणी ओती आणि चव पातळ झाल्याचे कोणाच्या ध्यानी येऊ नये म्हणून वर चिंचेचा कोळ घाली, असे आजी सांगे.

डोकी पुन्हा तपकिरी झाली की कुरव निघून जातील. त्यांच्या मुक्कामाची मुदत त्यांच्या अंगातच लिहिलेली. माझ्या शेवेने ती वाढत नसेल, तर पुडी राखून मी नेमके काय राखले? आणि ती म्हण आजीने माहेरून आणली होती, की नवी नवरी असताना, चुलीकडे तोंड करून आमटी ढवळणाऱ्या मावशीकडून ऐकली होती? त्या तांब्याभर पाण्यात माया किती आणि निरुपाय किती, हे काल मला ठाऊक होते असे वाटते. आज तसे म्हणवत नाही.