जाळ्याचा पंचनामा

वाशीम, भाद्रपद

चि. बाळ यास,


तुझे डहाणूचे पत्र पावले. पावसाळी वाऱ्यांनी किनाऱ्यावर लोटलेली जखमी कासवे, त्यांच्या शुश्रूषेचे हौद, आणि जिच्या पुढील पराला नायलॉनच्या दोराचा फास इतका खोल रुतला होता की तो कापून काढताना आतले पांढरे हाड दिसले, त्या ऑलिव्ह रिडले मादीची हकीकत, हे सर्व मी तुझ्या काकूस मोठ्याने वाचून दाखविले. मात्र त्याच पत्राच्या उत्तरार्धात, जाळे कापून कासव सोडल्याबरोबर तांडेलाने प्रथम विचारले काय, तर "फोटो नीट आला ना?", एवढ्यावरून समस्त मच्छीमारांच्या दयाबुद्धीविषयी तू जो शेरा मारला आहेस, तो मला मान्य नाही; आणि उभी हयात महसुली दफ्तरात पंचनामे लिहिण्यात घालविलेल्या मनुष्याला या मामल्यात बोलण्याचा थोडा तरी अधिकार आहे, असे समजून पुढील मजकूर वाचावा.

तो फोटो हाच त्या तांडेलाचा पंचनामा होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवास पहिल्या अनुसूचीत घालून अभय दिले खरे, परंतु त्याच्या पायी कापाव्या लागणाऱ्या जाळ्याचे मोल कोणी भरून द्यावे, याविषयी कायदा मौन धारण करून होता. ते मौन सुटले २०१८ च्या डिसेंबरात, जेव्हा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी संरक्षित जीव सोडविताना फाटलेल्या जाळ्याबद्दल पंचवीस हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याची तजवीज केली. कासव हवेवर जगणारा प्राणी. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले तर ते गुदमरून मरते. सबब निर्णय करायचा तो तेथल्या तेथे, बहुधा अंधारात, जेथे कोणी हुद्देदार हजर नसतो आणि सुरी तेवढी तांडेलाच्या हाती असते. अशा वेळी आपले जाळे वाया जाणार नाही एवढी खातरी त्याला असावी, यात दयाबुद्धीचा अपमान कोठे होतो, ते मला समजत नाही. दया करणे सर्वांत सुलभ कोणाला, तर ज्याचे जाळे कापले जात नाही त्याला.

इकडचे पाहा. सोयाबीन शेंगेवर आले की रोह्यांचे कळप रात्री शेतात उतरतात, आणि सकाळी आडवे पडलेले पीक पाहून शेतकरी पहिला प्रश्न करतो तो "साहेब, पंचनामा कधी?" हाच. ज्याने रात्रभर डबे वाजविले पण जनावरावर दगडसुद्धा उगारला नाही, त्याला कोणी निर्दय म्हणत नाही. मी त्या तुडविलेल्या वाफ्यांतून गुंठ्यांचा अंदाज करीत हिंडलेला आहे. खाल्लेले पीक आणि तुडविलेले पीक यांची नोंद वेगळी करावी की एकत्र, यावर एका कचेरीत झालेला पत्रव्यवहार खुद्द पिकाहून अधिक वाढला होता, ही गोष्ट अलाहिदा.

वेळासचे उदाहरण तर तुला माझ्याहून जवळचे. ज्या गावी कासवांची अंडी उकरून नेण्याचा शिरस्ता होता, तेथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, ती अंडी कुंपणाआड वाळूत पुरून राखण्याचे काम आरंभिले; पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पिल्ले समुद्राकडे सरकताना पाहावयास मुंबई-पुण्याची मंडळी येऊ लागली, आणि त्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था ग्रामस्थांच्या घरी होऊन चार पैसे गावात राहू लागले. नाना फडणविसांचे मूळ गावच ते. तेथे पुण्यकर्माचाही हिशेब चोख असावा, हे योग्यच झाले.

वाशीमच्या माणसास समुद्राची उठाठेव कशाला, असे काकू म्हणते. पण आपला जिल्हा मोठा चमत्कारिक ठिकाणी वसला आहे: पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत पूर्वसमुद्रास मिळते, तर काटेपूर्णेचे पूर्णा आणि तापी यांच्या वाटेने पश्चिमसमुद्रास, तेव्हा आपल्या नाल्यांत टाकलेली खताची प्लास्टिकची गोणी कोणत्या कासवाच्या वाट्यास जाईल, हे निव्वळ उताराने ठरते. आणि कासवे तरी एका समुद्राची कोठे आहेत? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली ज्या मादीच्या पराला धातूची पट्टी लावली, ती २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरी अंडी घालताना सापडली. सारे दक्षिण टोक वळसा घालून आली असणार.

असो. त्या तांडेलाचा अर्ज गेला की नाही, ते तू कळविले नाहीस. गेला नसेल तर उद्याच त्याच्याजवळ बैसून लिही: नौकेचे नाव व नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, समुद्रातील ठिकाण, जाळे किती फाटले, आणि फोटो. अर्जाची एक प्रत त्याच्याकडे राहू दे, आणि पोच घेतल्यावाचून कचेरीतून बाहेर पडू नको. मसुदा जमत नसेल तर मजकडे पाठीव. सुधारून परतीच्या टपालाने धाडतो.

कळावे.

तुझा,
काका