फ्रिजचं धुराडं

साडू हे नातं कुणी शोधून काढलं ते ठाऊक नाही; पण दोन निरुपद्रवी माणसांत जन्मभराची तुलना लावून देण्याचा त्याचा हेतू होता, एवढं नक्की. ताटात दोन वाट्या शेजारीशेजारी ठेवाव्यात आणि आल्यागेल्याने कुठली भरलेली आहे ते वाकून पाहावं, तसला प्रकार. आमच्या सासुरवाडीची भरलेली वाटी अमेरिकेत असते. मी करंजाड्यात असतो.

करंजाडे हे पनवेलच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद सासुरवाडीत कैक वर्षं चालला होता. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि तो वाद मिटला. 'आमचे थोरले जावई विमानतळाशेजारी राहतात' असं सासरेबुवा लोकांना सांगू लागले. त्या विमानतळात आमचा वाटा तोवर फक्त धुळीचा होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

तर हे आमचे साडू निवृत्त झाले आणि त्यांनी १९७२ सालचा एक ट्रेलर विकत घेतला. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. भाड्याची बिऱ्हाडं बदलता बदलता आमची हयात गेली. आणि हा गृहस्थ स्वखुशीने चाकांवरचं बिऱ्हाड घेतो, दुरुस्त करतो आणि थंडीत फ्लोरिडाला जाऊन त्यात राहतो! त्या खोलीत पलंग, ओटा आणि फ्रिज होता. तो फ्रिज गॅसवर चालायचा.

"म्हणजे खाली गॅस पेटवायचा आणि वर बर्फ?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"अहो साडूभाऊ, थंडी करायलासुद्धा आग लागते!" असं म्हणून साडूंनी जे सुरू केलं, ते रोज थोडं थोडं असं महिनाभर चाललं. आत अमोनिया आणि पाणी. खाली ज्योत. अमोनियाची वाफ वर जाते, मागच्या नळ्यांत निवून पातळ होते, मग हायड्रोजनच्या संगतीत तिची पुन्हा वाफ होते आणि होता होता ती फ्रिजमधली उष्णता घेऊन जाते. शेवटी पाण्यात विरघळून पुन्हा ज्योतीपाशी हजर. ना मोटर, ना घरघर. १९२२ साली स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फोन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, हा फ्रिज बनवला. विद्यार्थिदशेत मी काय बनवलं होतं ते आठवून पाहिलं. गच्चीवरच्या भेळेपलीकडे काही आठवेना.

साडूंचा खरा जीव मात्र धुराड्यात अडकला होता. फ्रिजला धुराडं! बाहेरच्या भिंतीला खाली एक जाळी, छतावर दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये फ्रिजची पाठ. गरम हवा आणि जळका वायू वरून निघून जातो, त्याच्या ओढीने खालून ताजी हवा आत येते. गॅस गळलाच, तर तो हवेपेक्षा जड, तेव्हा खाली बसतो आणि खालच्या जाळीतून बाहेर पडतो. फ्रिजची पाठ आणि राहायची खोली यांच्यात मात्र एक फटसुद्धा राहता कामा नये. साडूंच्या ट्रेलरमध्ये यातलं सगळं उलटं होतं. छतावरच्या जाळीत पाखराचं घरटं, आणि थंडी वाजते म्हणून आधीच्या मालकाने खालच्या जाळीवर चक्क पत्रा ठोकलेला.

"लोक किती मूर्ख असतात!" साडू म्हणाले.

"असतात," मी म्हणालो आणि नेहमीची युक्ती केली. "हॅलो... हॅलो... आवाज येत नाही हो..." असं म्हणून फोन ठेवून दिला.

आता आमच्या बाथरूमविषयी. आमची सोसायटी सकाळी तासभर पाणी सोडते. त्या एका तासात घरातल्या पाच जणांच्या आंघोळी उरकायच्या म्हणजे पाणी झटपट तापायला हवं. म्हणून गॅसचा गिझर. तो बसवणारा कारागीर जाताना बजावून गेला होता, "साहेब, खिडकी उघडी ठेवा." त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी फुकटची एवढी एकच, म्हणून मी ती मनावर घेतली नाही. खिडकीत पंखा बसवायला ठेवलेल्या भोकातून कबुतरं आत डोकावायची. माणसाला खासगी म्हणून जागा तरी किती असतात! मी त्या भोकाला थर्मोकोल लावला. मग धूळ येते म्हणून खिडकीच्या काचांच्या फटींवर चिकटपट्टी मारली. काम इतकं सुबक झालं होतं, की मी ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

जानेवारीतली सकाळ. साडेसात वाजलेले, तिकडे रात्रीचे नऊ. साडू फोनच्या पडद्यावर, हातात बॅटरी घेऊन फ्रिजची नवी जाळी दाखवत होते. आइन्स्टाइनपर्यंत गाडी आली होती. बर्लिनमधलं एक कुटुंब फ्रिजमधून गळलेल्या वायूने रातोरात दगावलं, ती बातमी वाचून आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनी बिनधोक फ्रिज करायचा ध्यास घेतला. १९३० साली त्याचं अमेरिकन पेटंटही मिळवलं. 'आवाज येत नाही' म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं, तोच बाथरूमचं दार उघडलं आणि सौ. भिंतीला धरून बाहेर आली.

घराघरांतल्या रिवाजाप्रमाणे तिचा नंबर पाचवा. आधी आम्ही चौघं त्याच बंद बाथरूममध्ये पाठोपाठ न्हालेलो. "डोकं गरगरतंय हो," ती म्हणाली आणि खालीच बसली. मळमळत होतं. पाय लटपटत होते.

"पित्त असेल," मी म्हणालो. आमच्या घराण्यात सगळ्याच रोगांचं निदान पित्त असं होतं. "आल्याचा रस देतो."

"साडूभाऊ!" पडद्यातून साडू ओरडले. इतक्या वर्षांत हा मनुष्य माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "गॅसचा गिझर आहे ना? खिडकी उघडी आहे का?"

मी गप्प.

"गिझर बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा. ताईंना मोकळ्या हवेत न्या आणि तिथून तडक डॉक्टरकडे. आलं नंतर किसा!"

पनवेलच्या इस्पितळात तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आगीलाही श्वास लागतो. बंद खोलीत तो पुरेसा मिळाला नाही, की ती कार्बन मोनॉक्साइड सोडते. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. याला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट धरतो. म्हणजे पनवेल लोकलमध्ये खिडकीशी बसलेला उतारूच म्हणायचा. एकदा बसला की उठायचं नाव नाही, आणि ऑक्सिजन बिचारा दांडीला लोंबकळत. "पाच-दहा मिनिटं आणखी आत राहिल्या असत्या, तर बेशुद्ध पडल्या असत्या. आणि दाराला आतून कडी असते," डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करायला सांगितलं नाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी थर्मोकोलचा विचार करत होतो. किती सुबक कापला होता!

दुपारी तिला बरं वाटू लागलं. मुखवटा बाजूला करून तिचा पहिला प्रश्न, "भावोजींचा फोन तुम्ही मध्येच तोडला नाहीत ना?" माझी युक्ती तिला सारी वर्षं ठाऊक होती.

आता आमचा गिझर मागच्या उघड्या बाल्कनीत आहे. जळका वायू बाहेर नेणारी नळी त्याला जोडली आहे आणि आत फक्त गरम पाणी येतं. ज्योत निळी आहे की पिवळी, हे मी रोज पाहतो. पिवळी दिसली, काजळी धरली, की आधी गिझर बंद आणि मग कारागीर. थर्मोकोल गेला, चिकटपट्टी गेली. भोकाला जाळी लावली आहे. हवा येते, कबुतर येत नाही. ते जाळीपलीकडे बसून मान वाकडी करून पाहत असतं. मी पाठ फिरवून आंघोळ करतो.

परवा साडूंचा पुन्हा फोन आला. आता त्यांनी ट्रेलरच्या छतावर सौर पट्ट्या बसवायला घेतल्या आहेत. त्यांच्या तारा कुठून कशा न्यायच्या, पाऊस आत येऊ नये म्हणून भोकं कशी बुजवायची, यावर पाऊण तास बोलले. मी ऐकत होतो. आवाज अगदी स्पष्ट येत होता.