मानवलेली गोळी

औषधांची नावं टाळा, वाचक कंटाळतात, असं संपादकांनी लेख मागताना बजावलं होतं. पण सध्या माझ्या डोक्यातून जी पेशंट जात नाही, तिचं सगळं घोडं औषधाच्या नावावरच अडलंय. तेव्हा नावं येणारच.

ती मोऱ्याची माहेरवाशीण, सासर पनवेलात. कॉलेजात असताना भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये तिला पहिला झटका आला. छातीत धडधड, हातपाय गार, आता मरणार याची खात्री. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. हा पॅनिक डिसऑर्डर. आधी लाँच सुटली, मग एकटीनं घराबाहेर पडणं सुटलं. अल्प्राझोलामनं घटकाभर बरं वाटायचं, आणि त्या गोळीची गोम तिथेच आहे, सवय लागते. शेवटी एका डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन दिलं. ते तिला मानवलं. नोकरी लागली, लग्न झालं.

मूल हवं असं ठरल्यावर तिनं मोबाइलवर शोधलं. पॅरोक्सेटिन, श्रेणी ‘डी’. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या आधी बंद कर. तिनं त्या एका दिवसात बंद केल्या. चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, आणि पाठोपाठ झटके परत. त्या अवस्थेत ती माझ्याकडे आली.

आता या ‘डी’बद्दल. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७९ साली गर्भारपणातल्या औषधांच्या धोक्यासाठी ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं सुरू केली. लोक ती प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीसारखी वाचतात, आणि लोकच का, डॉक्टरही. ‘सी’चा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असे की प्राण्यांमध्ये काही दोष दिसला आणि माणसांतला पुरेसा अभ्यास नाही. असा गोंधळ होतो म्हणूनच २०१५ पासून त्याच प्रशासनानं ती अक्षरं मोडीत काढायला घेतली. आपल्याकडे ती अजून ठणठणीत आहेत.

पॅरोक्सेटिनला ‘डी’ मिळाला २००५ च्या डिसेंबरात, बाळाच्या हृदयातल्या दोषांच्या शंकेवरून. पुढे २०१४ साली अमेरिकेतल्या साडेनऊ लाखांच्या आसपास गर्भारपणांचा अभ्यास आला. पॅरोक्सेटिन ज्या गटात मोडतं त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या पहिल्या तिमाहीत घेणाऱ्यांच्या बाळांत हृदयदोषाचं प्रमाण वरवर पाहता १.२५ पट दिसलं. तुलना फक्त नैराश्य असलेल्या बायकांशी केली तेव्हा ते १.१२ झालं, आणि इतर आजार, बाकीची औषधं वगैरे हिशेबात धरल्यावर १.०६. म्हणजे जो दोष गोळीच्या माथी मारला, त्यातला बराचसा आजाराचा आणि परिस्थितीचा होता. (संपादक, हे कापू नका.) गोळी निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. शेवटच्या महिन्यांत घेतली तर काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी, थरथरती असतात. आणि गर्भाला खरोखर घातक असं व्हॅल्प्रोएटसारखं औषध असेल तर मीही घाबरतो.

पण गोळी बंद केली की धोका शून्य, हा हिशेब कुणी शिकवला? गर्भारपणात नाडी एरवीच वाढते, दम लागतो. पॅनिकच्या पेशंटला ती झटक्याची चाहूलच वाटते. आजाराच्या धोक्याबद्दल मला कुणी विचारत नाही, गोळीबद्दल सगळे विचारतात.

गर्भारपणातली सर्वांत जास्त माहिती ज्या थोड्या गोळ्यांबद्दल आहे, त्यांतली एक सर्ट्रालिन. अंगावरच्या दुधातही ती फार कमी उतरते. म्हणून ती दिली, २५ मिलिग्रॅम. चार दिवसांत पोरगी येरझाऱ्या घालू लागली, झटके वाढले. पॅनिकच्या पेशंटना सुरुवातीचा हा तगमगीचा काळ फार जाचतो, आणि बरेच जण इथेच गोळी सोडतात. अर्धी गोळी केली. सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि वर्तनोपचार. त्यात मुद्दाम जिने चढायला लावून धडधड आणायची आणि ती आपोआप उतरते हे बघायचं. सासूबाईंच्या मते हा वेडेपणा आहे.

सध्या ती अर्ध्या गोळीवर आहे. बरी आहे, पण पॅरोक्सेटिनवर होती तितकी नाही. पुस्तक म्हणतं वाढवा. ती म्हणते, डॉक्टर, जुनीच द्या. सर्ट्रालिन वाढवून सोसलं नाही, तर कमीत कमी डोसात जुनीच द्यायची माझी तयारी आहे. मग दिवस गेल्यावर अनॉमली स्कॅन आणि बाळाच्या हृदयाची इको करावी लागेल. त्याआधी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना फोन करायला हवा, कारण त्याही ‘डी’ म्हणणार.