झांबेझीकाठी पाय झाकून

शिकारीच्या छावणीत माझी पहिली तपासणी झाली ती पायांची. सूर्य टेकडीआड जायला अवकाश होता. शेकोटीभोवती खुर्च्या मांडल्या जात होत्या, आणि सारा जन्म रानम्हशींच्या मागावर काढलेला छावणीचा प्रमुख प्रत्येक पाहुण्याच्या पायांकडे निरखून बघत होता. माझ्या पायांत सँडल होत्या. "आधी मोजे, बूट आणि लांब पँट. मग चहा," त्यानं बजावलं. रायफली कुलपात होत्या. त्यांच्याबद्दल तो अवाक्षरही बोलला नाही.

सकाळी आम्ही हरारे सोडलं तेव्हा अंगात स्वेटर होता. हरारे सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे, तिथं हिवतापाची धास्ती जवळजवळ नाही. कारोई गेलं, मकुटी गेलं आणि रस्ता घाटातून खाली घरंगळत झांबेझीच्या खोऱ्यात उतरला, जेमतेम 400 मीटरवर. हवा ऊबदार झाली, दोन्ही बाजूंना गोरखचिंचेचे अजस्र बुंधे दिसू लागले. गाडी चालवणारा माझा बालमित्र मूळचा सांगलीचा, हरारेत डॉक्टरकी करतो. घाटाच्या मध्यावरच तो म्हणाला, "आता आपण डासांच्या मुलखात आलो. गोळी घेतलीस ना?"

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, त्यामुळे परवाना काढून, ठरलेल्या संख्येत होणारी शिकार पाहणं मला जडच गेलं. त्यात आमची छावणी होती ते चेवोरे सफारी क्षेत्र शेजारच्या सापी आणि माना पूल्ससह 1984 पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्या वादात मी आत्ता शिरत नाही. मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं: सिंह, हत्ती, रानम्हशी आवाक्यात असताना ही अनुभवी माणसं सगळी शिस्त पाळत होती ती एका डासासाठी.

पायांचं कारण मित्रानं सांगितलं. अ‍ॅनोफिलिस अरेबिएन्सिस ही इथली डासाची एक महत्त्वाची जात. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांना असं आढळलं, की बसलेल्या माणसाला तिची मादी बहुतेक वेळा पावलांवर नि घोट्यांवर चावते. म्हणजे दिवसभर चालून आलेला शिकारी बूट काढून शेकोटीपाशी पाय पसरतो, ती नेमकी तिची वेळ आणि तिची जागा. धुरावर कुणी विसंबत नव्हतं. घोट्यांवर, मनगटांवर, मानेवर डीटचं मलम चोळलं जाई आणि रात्री मच्छरदाणीची कड गादीखाली खोचली जाई. गडद निळे कपडे मात्र पेटीतच ठेवायचे, कारण त्या रंगावर दिवसा त्सेत्से माशी झेपावते.

जुलै हा इथला हिवाळा. पाऊस नसतो, गवत वाळलेलं असतं, जनावर लांबून दिसतं. म्हणून हाच शिकारीचा हंगाम. थंडीत कसले डास, असं पाहुण्यांना वाटतं. दक्षिण आफ्रिकेच्या सखल भागात या दिवसांत धोका खरोखरच बराच उतरतो. झांबेझीच्या खोऱ्यात तो बाराही महिने असतो.

सगळ्यांत अवघड वेळ बिबट्याच्या लपणात. झाडाला इंपालाचं मढं टांगलेलं, आणि समोर गवताच्या आडोशात शिकारी तिन्हीसांजेला श्वास रोखून बसलेला. कानाशी डास गुणगुणला तरी हात उचलायची सोय नाही. मलमाचा वास वाऱ्यावर जाईल म्हणून तेही नको वाटतं. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. घरून निघण्यापूर्वीच कपड्यांवर परमेथ्रिन फवारून ते वाळवायचे. वाळल्यावर त्याला वास उरत नाही, चार-पाच धुण्यांपर्यंत ते टिकतं, आणि त्या कापडावर बसलेला डास गळून पडतो.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर गोळ्यांच्या डब्या निघत. प्रत्येकाची गोळी निराळी. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची, दुधाबरोबर किंवा स्निग्ध अन्नाबरोबर. ती जंतूला यकृतातच गाठते, म्हणून परतल्यावर सात दिवस पुरते. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण ती जंतू रक्तात उतरल्यावर काम करते, म्हणून पुढे चार आठवडे सोडायची नाही. शिवाय तिनं ऊन बाधतं, भरपूर पाण्याबरोबर घेऊन काही वेळ आडवं न होणं बरं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची. पण कुणाकुणाला तिनं घेरी येते, भयंकर स्वप्नं पडतात. "ज्याच्या हाती बंदूक जाणार, त्याला ती लिहून द्यायला माझा हात धजत नाही," मित्र म्हणाला. आपल्या ओळखीची क्लोरोक्विन मात्र टेबलावर नव्हती. इथला फाल्सिपेरम जंतू तिला कधीच पुरून उरला आहे.

याच नदीच्या खालच्या अंगाला, आजच्या मोझांबिकमध्ये, शुपांगा इथं 27 एप्रिल 1862 रोजी लिव्हिंग्स्टनची पत्नी मेरी तापानं गेली. तिला गोरखचिंचेखाली पुरलं. क्विनाइनमध्ये रेचकं मिसळून स्वतःची तापाची गोळी बनवणारा, तिच्या बळावर अनेकांना वाचवणारा तो माणूस तिला वाचवू शकला नाही. नदीकाठच्या प्रत्येक गोरखचिंचेपाशी मला तिची आठवण होई.

निघायच्या दिवशी एका पाहुण्याच्या नडगीवर काळी खपली दिसली. गोचीडताप! शिकाऱ्यांत तो नेहमीचाच, बहुधा सौम्य. मित्र मात्र गंभीर झाला. डास चावल्यापासून हिवताप चढायला किमान सात दिवस लागतात, बहुधा त्याहून जास्त. म्हणजे माणूस दूरदेशी आपल्या घरी पोचलेला असतो. तिथला डॉक्टर फ्लू म्हणतो, रुग्ण स्वतः गोचिडावर ढकलतो, आणि फाल्सिपेरम दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जातो. त्यानं प्रत्येकाला एकेक कागद दिला: 'मी झांबेझीच्या खोऱ्यात राहून आलो आहे. ताप आला तर त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासा. काही आढळलं नाही तर उद्या पुन्हा तपासा.'

परतताना आम्ही माग काढणाऱ्याला त्याच्या गावी सोडलं. पाहुण्यांच्या गोळ्या काही आठवड्यांच्या. तो जन्मभर कोणती घेणार? त्याच्या धाकट्याला सकाळपासून ताप होता. गावची आरोग्यसेविका आली, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तिनं पट्टीवर घेतला. गडचिरोलीत आशाताईंच्या पिशवीत असते तशीच पट्टी. पंधरा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे हिवतापच. आईनं पेजेत शेंगदाण्याचं लोणी कालवलं, कारण सेविकेनं दिलेली हिवतापाची गोळी स्निग्ध अन्नाबरोबर अंगी लागते. पोरानं ती कुरकुरत गिळली. तासाभरात उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते, म्हणून ती बाई तिथंच ओट्यावर बसून राहिली आणि आईकडून वेळा घोकून घेऊ लागली: दुसरी मात्रा आठ तासांनी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, एकूण सहा, आणि उद्या ताप उतरला तरी एकही चुकवायची नाही.