चाकाला दगड लावलास का?

आमच्या घरी वीकेंडचे दोन प्रकार असतात. पहिल्यात एडिसनच्या ओक ट्री रोडवर जाऊन भाजी, मसाले आणि गरम सामोसे आणायचे असतात. दुसऱ्यात मी गाडीखाली आडवा असतो आणि बायको दर अर्ध्या तासाने दार उघडून मी जिवंत आहे का ते बघून जाते. हे असं बघून जाणं आधी थट्टा होती. गेल्या जुलैपासून ती थट्टा राहिलेली नाही.

तर आधी गाडीबद्दल. रोज ऑफिसला नेतो ती गाडी वेगळी, ती शहाण्यासारखी आहे. ही दुसरी, २००१ सालची माझदा एमएक्स-५. दोन सीट, कापडी छप्पर, मागच्या चाकांवर चालणारी, वजन जेमतेम १,१०० किलोच्या आसपास. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे वेडा मी एकटाच नाही! हिच्यात बसलं की रस्ता बुडाला लागतो की काय असं वाटतं. त्यात माझ्या आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलून तिला आणखी खाली बसवलेली. पुढच्या बंपरखाली कशीबशी चार इंच जागा.

मला तिचे स्वे बार बदलायचे होते. वळणावर गाडी एका अंगावर कलते, तो कल कमी करणारी ही स्टीलची दांडी. एक पुढे, एक मागे. काम अजिबात अवघड नाही. चार-सहा बोल्ट, १२ चा आणि १४ चा सॉकेट, आणि थोडा घाम. अवघड आहे ते एवढंच, की बोल्ट गाडीखाली असतात आणि गाडीखाली जायला आधी गाडी वर जावी लागते.

माझा साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी पाच इंच उंच. पुढून तो शिरेना. म्हटलं, ठीक आहे, मागून सुरुवात करू. मागे थोडी जास्त जागा होती आणि मॅन्युअलप्रमाणे मागची बाजू डिफरन्शियलखाली जॅक लावून उचलता येते. गॅरेजमध्ये सामानाचा पसारा होता म्हणून गाडी बाहेर ड्राइव्हवेवरच ठेवली, तोंड गॅरेजकडे. हँडब्रेक ओढला. गिअर पहिल्यात टाकला. दोन दोन बंदोबस्त! इंजिनिअर माणूस, रिडंडन्सी वगैरे आपल्या रक्तातच.

मग दांडा मारत गेलो. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली. जॅक स्टँडची जोडी आणलेली होती, पण ती खोक्यात होती आणि खोक्यावर प्लास्टिकची पट्टी होती आणि मला फक्त "दोन मिनिटं बघायचं" होतं. टॉर्च घेऊन आत सरकलो. छातीपर्यंत आत. बोल्ट बघितले, गंज बघितला, सॉकेट लावून बघितला. बसेना. १२ चा आणला होता, लागत होता १४ चा. चरफडत बाहेर आलो आणि गॅरेजमध्ये टूलबॉक्सकडे गेलो.

पाठमोरा असतानाच आवाज आला. फार मोठा नाही. ओट्यावरून भरलेला कुकर खाली पडावा तसा. वळून बघितलं तर गाडी चारही चाकांवर शांतपणे उभी, फूटभर मागे सरकलेली, जॅक तिच्याखाली तिरका अडकलेला आणि मागचा बंपर जॅकच्या दांड्यावर आपटून चिरलेला.

मी १४ चा सॉकेट हातात घेऊन उभा होतो. १२ आणि १४ मध्ये दोन मिलिमीटरचा फरक. त्या दिवशी माझ्या आयुष्याची जाडी तेवढीच होती.

बायको दारात आली. तिने गाडी बघितली, जॅक बघितला, जमिनीवर पडलेला चालू टॉर्च बघितला. टॉर्च कुठे पडलाय हे बघून तिला सगळं कळलं. काही न बोलता आत गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळभर मी त्याच एका प्रश्नावर होतो. हँडब्रेक होता, गिअर होता, मग गाडी सरकली कशी? आणि उत्तर सापडल्यावर लाज वाटली. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. गिअर धरून ठेवतो तोही मागच्याच चाकांना, कारण इंजिनची ताकद तिकडेच जाते. म्हणजे मी मागची चाकं उचलली त्या क्षणी माझे दोन्ही बंदोबस्त हवेत गेले! जमिनीवर टेकलेली पुढची दोन चाकं पूर्ण मोकळी. ड्राइव्हवेला रस्त्याकडे थोडा उतार, डोळ्याला जाणवणारही नाही इतका.

उरलेलं काम डांबराने केलं. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून उचलताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं सरकावं लागतं. जुलैच्या उन्हात डांबर मऊ झालेलं, जॅकची छोटी लोखंडी चाकं त्यात रुतलेली. जॅक जागचा हलेना आणि गाडी मागे निघाली. वाटी डिफरन्शियलखालून निसटली आणि धप्प. खाली आल्यावर मागची चाकं टेकली, तेव्हा कुठे हँडब्रेक पुन्हा लागला आणि गाडी रस्त्यावर जायची थांबली. सिस्टिम क्रॅश झाल्यानंतर बॅकअप सुरू झाला म्हणायचं.

कॉलेजात पास्कलच्या नियमावर मी व्हायवा दिला होता. हायड्रॉलिक जॅकची आकृती तर झोपेत काढायचो. लहान पिस्टन, मोठा पिस्टन, क्षेत्रफळाचं गुणोत्तर, दहापैकी नऊ मार्क. उचललेलं वजन नंतर कशावर उभं असतं, हे कुणी विचारलं नाही. ते उभं असतं कोंडलेल्या तेलावर, आणि ते तेल अडवतात एक छोटी व्हॉल्व्हची गोळी आणि एक रबरी सील. सील म्हातारं झालं, गोळीखाली कचरा आला, की झालं. जॅक हे उचलायचं यंत्र आहे, धरून ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. आता बाबांबद्दल सांगायला हवं. कऱ्हाडला हायवेलगत बाबांचं छोटं गॅरेज होतं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, जे येईल ते. मी त्या गॅरेजात वाढलो म्हटलं तर खरं आहे आणि नाहीही. मला आत येऊच द्यायचे नाहीत. हात काळे दिसले की म्हणायचे, "तुझं काम तिकडं हाय, पुस्तकात." पाना मागायला गेलो तर पेन द्यायचे. त्यामुळे मी इंजिनिअर झालो, पण गाडीखाली कसं जायचं हे मला एका गॅरेजवाल्याच्या मुलाला परदेशात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जॅकवरून गाडी पाडून शिकावं लागलं.

मी हसत हसत सांगायला सुरुवात केली. बाबा, अशी अशी गंमत झाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"चाकाला दगड लावला होतास?"

घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मी लहानपणी शेकडो पाहिले. हायड्रॉलिकची आकृती येत होती मला, पण तो दगड त्या आकृतीत नव्हता.

"नाही बाबा."

मग ते बराच वेळ गप्प. त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं वाकडी आहेत. लहानपणापासून मला माहीत होतं की ती दारात सापडली होती. त्या रविवारी पहिल्यांदा कळलं, की तो दरवाजा नव्हता, जीप होती. २००२ साल, मी पाच वर्षांचा. गिऱ्हाईकाला घाई होती, घोडी दुसऱ्या गाडीखाली होती, म्हणून जॅकवरच हात घातला. "आईला म्हटलं, पोराला सांगू नको. तो गॅरेजात यायचा बंद होईल." मग स्वतःच म्हणाले, "तसा मी तुला येऊच कुठं दिला."

जॅक स्टँडला बाबा घोडी म्हणतात. "उचलणारा वेगळा, धरणारा वेगळा. जॅकचं काम झालं की त्याच्यावर इस्वास ठेवायचा नाही. घोडीवर घे. आणि घोडीवर घेतल्यावर बी हलवून बघ."

तीन आठवड्यांनी पुन्हा मांडामांड केली. या वेळी घाई नव्हती, कारण बायकोची अट होती की ती घरी असतानाच, आणि बाबांची अट होती की व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. आमच्याकडे सकाळचे दहा, कऱ्हाडला संध्याकाळचे साडेसात.

गॅरेज रिकामं केलं. आत काँक्रीटची सपाट फरशी. (डांबरावरच करायची वेळ आली तर जॅकला गुळगुळीत पत्रा आणि घोडीखाली जाड प्लायवुड हवं, नाहीतर घोडीचे पाय रुततात.) पुढून जॅक शिरत नाही त्याला उपाय साधा निघाला, लाकडी फळ्या. इथे दुकानात ज्याला दोन इंची फळी म्हणतात ती प्रत्यक्षात दीड इंच जाड असते. फसवणूक नाही, पद्धतच आहे. दोन फळ्या पायरीसारख्या एकावर एक ठोकल्या, कड तासली, खाली घसरू नये म्हणून रबरी मॅट टाकली आणि पुढची चाकं हळूच त्यावर चढवली. गाडी तीन इंच वर! शिवाय या वेळी साडेतीन इंचांपर्यंत खाली बसणारा बुटका जॅक आणला होता. तो आत क्रॉसमेंबरच्या मध्यापर्यंत आरामात गेला.

या खेपेला फक्त पुढची बाजू. मागची चाकं जमिनीवर, त्यामुळे हँडब्रेक आणि गिअर खरोखर कामाला होते. तरीही मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून रबरी ठोकळे लावले. बाबांनी फोनवरून विचारलं, "हे काय काळं?" म्हटलं, "दगडच आहेत बाबा, विकतचे."

घोड्या कुठे लावायच्या याला महत्त्व आहे. दाराखाली पत्र्याची जी उभी कड असते, तिच्यावर दोन खाचा असतात. त्या खाचांमधली जागा मजबूत केलेली असते, घोडी तिथेच. मधेच कुठेतरी लावली तर कड दुमडते. तळाला लांब पट्ट्यांसारख्या दिसणाऱ्या रेल्स मजबूत वाटतात, पण पातळ असतात. आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा विटा तर कधीच नाही. ते वजन पेलतात, पेलतात आणि मग काही न सांगता एकदम फुटतात.

घोडीवरही आंधळा विश्वास नको. २०२० मध्ये इथल्या एका मोठ्या साखळी दुकानाला आपल्या लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या होत्या, कारण दात्यांमध्ये अडकणारा खटका पूर्ण न बसता निसटू शकत होता. त्यामुळे खटका नीट बसलाय का ते दोन्हीकडे हाताने ठोकून बघितलं, आडवी पिन घातली. मग जॅकचा व्हॉल्व्ह अगदी हळू सोडला. वजन घोड्यांवर उतरताना एक बारीक करकर आवाज येतो. माझ्या पोटात गोळा आला.

"आता हलव," बाबा म्हणाले.

कंबरेने धक्का दिला. "अजून." अजून दिला. "डावीकडची घोडी तिरकी वाटतीय मला." साडेबारा हजार किलोमीटरवरून, चार इंची पडद्यावर, त्यांना ती दिसली! खरंच अर्धा इंच तिरकी होती. पुन्हा जॅक, पुन्हा उचल, सरळ केली, पुन्हा उतरवली, पुन्हा हलवली. ऑफिसात माझ्या कोडचा इतका कडक रिव्ह्यू कुणी केलेला नाही.

मग जॅक परत क्रॉसमेंबरला नुसता टेकवून ठेवला, काढलेली दोन्ही चाकं दाराखाली आडवी सरकवली. घोडी गेली तर जॅक, जॅक गेला तर चाक. अंग मावेल एवढी जागा तरी उरेल. एवढं झाल्यावर मी आत गेलो. बोल्ट काढून नवीन बार बसवायला दीड तास लागला. त्याआधीच्या तयारीला दोन तास. जुलैमध्ये हे गणित मला मूर्खपणाचं वाटलं असतं.

मागची बाजू पुढच्या शनिवारी. चारही चाकं एकदम हवेत न्यायची हौस मी सोडून दिली आहे. एक बाजू हवेत असेल तर दुसरी जमिनीवर हवी, आणि तिला दगड हवा. मागच्या वेळी दगड पुढच्या चाकांना, न विसरता.

आता गाडी वळणावर छान चालते. अंग टाकत नाही. बंपरची चीर मात्र मी दुरुस्त केलेली नाही. बायको म्हणते राहू दे.

त्या दिवशी काम संपवून गाडी खाली घेतली, हात पुसले आणि फोन उचलला तर बाबा अजून कॉलवर होते. मागे आईने ताट वाढल्याचा आवाज येत होता. म्हटलं, झालं बाबा, जेवा आता. ठेवू का?

"दगड काढलास का?" ते म्हणाले. "लोकं काम झालं की दगड तिथंच टाकून जात्यात. मागनं येणारा आपटतो."

काढला, बाबा.