विकृत स्वर

'डिस्टॉर्शन' या शब्दाला कोशात 'विकृती' असा प्रतिशब्द सापडतो आणि तिथेच निवाडा होऊन जातो. वास्तविक आपल्या संगीतशास्त्राने हा शब्द किती निर्मळपणे वापरला आहे! कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र मध्यम हे पाचही स्वर 'विकृत'च म्हणवले जातात. त्यांच्यावाचून ना मारवा, ना तोडी. तरीही सहा वर्षे गाणे शिकलेल्या माझ्या मुलाने अकरावीत तंबोऱ्याला गवसणी घालून इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा घरात 'विकृती' हा शब्द कोशातल्या अर्थानेच उच्चारला गेला. उच्चारणारे माझे वडील होते. त्यानंतर आजोबा-नातवाचे बोलणे जवळजवळ थांबले.

गिटारचे पेडल तो स्वतःच बनवतो आहे. ब्रेडबोर्ड जेवणाच्या टेबलावर असल्यामुळे मराठीच्या प्राध्यापकालाही त्यातले थोडे कळू लागले. सिग्नल ऑप-अँपमध्ये कितीतरी पटींनी वाढवायचा आणि मग डायोडांना त्याची शिखरे छाटू द्यायची. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो, जर्मेनियमचा त्याच्या निम्म्यावर, तांबडा एलईडी दीड व्होल्टच्याही पुढे. पण डायोड कोणता, याहून तो कुठे बसवला हे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसवला, तर लाटेचा माथा सपाट कापला जातो. 'रॅट' या पेडलात तसे आहे. ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये बसवला, तर प्रवर्धन कमी होत होत एकपटीशी थांबते, आणि मूळ सिग्नल छाटलेल्या लाटेवर स्वार होऊन शाबूत बाहेर पडतो. आयबानेझच्या 'ट्यूब स्क्रीमर'ची रचना ही. ओरखडा उमटतो, पण बोटांचा हलका-जड आघातही कळत राहतो.

या साऱ्याच्या मुळाशी बिघाड आहे, हेही गमतीचेच. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनचा बासचा तुकडा नॅशव्हिलच्या स्टुडिओतील सदोष यंत्रणेमुळे खरखरीत उमटला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तीच खरखर ट्रान्झिस्टरांतून मुद्दाम घडवली आणि १९६२ मध्ये 'फझ-टोन' बाजारात आले.

छाटणीने लाटेत नवे स्वर येतात. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या, तर तिसरा, पाचवा असे विषम स्वरांश वाढतात, म्हणजे वरचा पंचम आणि त्याहून वरचा गंधार. (खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा तंबोऱ्याचा गंधार तो हाच पाचवा!) एका बाजूला एक डायोड जादा लावला, की सम स्वरांशही येतात, त्यांतला पहिला तार षड्ज. १९७७ च्या बॉस 'ओडी-१' मध्ये अशी असमान छाटणी होती.

दोन स्वर एकत्र छाटले, की त्यांच्या वजाबाकीचाही स्वर निघतो. षड्ज २०० आणि पंचम ३०० हर्ट्झ असेल, तर १०० हर्ट्झचा खर्ज षड्ज, जो कुणी वाजवलेलाच नसतो. एका संध्याकाळी मुलाने नुसते सा-प छेडले आणि आतल्या खोलीतून वडिलांनी विचारले, "खर्ज कोण लावतंय रे?" मग काठी टेकत ते टेबलापाशी आले. मुलाने उत्साहाने मध्ये गंधार मिसळला, तशी सगळी गिचमीड झाली. "चढा आहे," वडील म्हणाले. त्यांचा कान अचूक होता. गिटारच्या समान विभागणीतला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि एरवी खपून जाणारा तो फरक छाटणीत उघडा पडतो.

"आजोबा, तो पडद्यांचा दोष, डायोडांचा नव्हे."

"मग पडदे हलव."

"सतारीचे हलतात. हे ठोकलेले असतात."

वडील खुर्ची ओढून बसले. जादा डायोड ठेवावा असे माझे मत आहे, मुलाला समान छाटणी हवी आहे. डाख अजून दिलेला नाही.